मावशींची हजेरी कोण कोण पाहतं?

आमच्या सोसायटीच्या गेटवर गेल्या दिवाळीपासून चेहरा ओळखणारं यंत्र आहे. रहिवाशांसाठी नाही. आमच्या गाड्यांना स्टिकर आहेत, बूम आपोआप वर जातो. यंत्रासमोर थांबायचं ते भांडीवाल्या मावशींनी, पोळीवाल्या काकूंनी, ड्रायव्हरनी. डोक्यावर पदर असला तर खाली घ्यायचा, चेहरा जुळला की माझ्या फोनवर मेसेज: आत आल्या, ७:४८.

त्या नावावर बोट ठेवलं की मावशी आणखी कुठल्या फ्लॅटमध्ये जातात, महिन्यात किती खाडे झाले, कुणी किती स्टार दिले, सगळं उघडतं. शेजारच्या विंगमधल्या एका बाईंनी हे बघून त्यांना झापलं, "तिकडे सव्वा तास थांबता, आमच्याकडे पाऊण तासात आटपता!" आमच्यापैकी कोण पगार उशिरा देतं, हे मात्र मावशींना कुठेच दिसत नाही.

२०२१ मध्ये पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण गाजलं, गाजायलाच हवं होतं. पत्रकारांचे, वकिलांचे फोन म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, तेव्हा किती घरांत त्यावर बोलणं झालं? हातात झाडू, मनगटावर पाळत, आणि हद्दीबाहेर पाऊल पडलं तर पगार कापला जाण्याची धास्ती. पाळत आधी अशाच माणसांवर बसते, कारण नाही म्हटलं तर काम जातं. मला याचा फार राग येतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, विनाअट आणि कशासाठी ते समजून दिलेली असावी, असं लिहिलंय. मावशींना गेटवर फक्त "इकडे बघा" एवढंच सांगितलं होतं. त्या काम सोडून गेल्या तरी तो फोटो कंपनीकडे राहणार का, हे वॉचमनलाही माहीत नाही, सेक्रेटरींनाही नाही. आणि फोटो हाती असला की दुसऱ्या कुठल्याही कॅमेऱ्यातल्या चेहऱ्याशी तो ताडून बघता येतो.

मी कमिटीला लेखी दिलंय. इतर घरांची माहिती दिसणं बंद करा, काम सुटलं की फोटो पुसल्याचं कंपनीकडून लेखी घ्या, आणि ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांना रजिस्टरवर सही करून आत येऊ द्या. येत्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर हा विषय घ्यायला लावलाय. सध्या आमच्या मजल्यावरची दोन घरं सोबत आहेत.