तपासणीत 'आढळलं नाही', पण…

हातावरची जखम चार महिने भरत नव्हती. दुखत नव्हती, खाजतही नव्हती. मधोमध खड्डा आणि भोवती जाड कड. मलमं झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. शेवटी कडेचा तुकडा काढून बायॉप्सीला पाठवला.

रिपोर्टमध्ये निदान नव्हतं, दोन शक्यता होत्या. पेशींच्या आत 2 ते 4 मायक्रॉनचे गोल ठिपके दिसत होते. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणारा लेशमॅनिया हा परजीवी, नाहीतर हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही फसवे, म्हणून पॅथॉलॉजिस्ट बाईंनी अंदाज ठोकून दिला नाही. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या त्याच तुकड्याच्या चकत्या डीएनए तपासणीला गेल्या. उत्तर आलं, 'आढळलं नाही'. मला हायसं वाटलं, पण बाईंचं समाधान होईना. तुकडा आधी फॉर्मॅलिन या द्रवात ठेवला होता. त्यामुळे ऊतक टिकतं, पण डीएनए प्रथिनांना जखडला जातो, त्याचे तुकडे पडतात. पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या या तपासणीला, हवा तेवढा सलग धागाच उरला नाही, तर परजीवी असूनही काही सापडत नाही. नमुन्यातला किमान माझा स्वतःचा डीएनए तरी वाढला का, असं त्यांनी प्रयोगशाळेला विचारलं. तोही वाढला नव्हता! म्हणजे माझी तपासणी झालीच नव्हती, आणि रिपोर्टमध्ये हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. याचा राग मला अजून येतो.

पुन्हा तुकडा काढला. या वेळी अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा अल्कोहोलमध्ये. लेशमॅनियाच्या एकेका पेशीत डीएनएची हजारो छोटी वर्तुळं असतात. प्रयोगशाळेने तीच शोधली. लक्ष्यच इतक्या संख्येने असल्यामुळे मोजके परजीवीही हाती लागतात. निकाल पॉझिटिव्ह आला.

पण एवढ्यावर भागत नव्हतं, प्रजाती कळायला हवी होती. काही प्रजाती पुढे नाका-तोंडाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचतात, म्हणून डॉक्टर दर भेटीत माझं नाक तपासत. आरशात मीही रोज बघायचे. दुसऱ्या एका जनुकीय भागाचा क्रम वाचून तो नोंदवलेल्या क्रमांशी ताडला, तेव्हा 'लेशमॅनिया ट्रॉपिका' हे नाव मिळालं. उपचार जखमेच्या कडेत इंजेक्शनं देऊन झाले. ती भयंकर दुखायची.

आता तिथे गुळगुळीत वण आहे. शेजारी बायॉप्सीच्या टाक्यांच्या दोन खुणा. पहिल्याच वेळी अर्धा तुकडा फॉर्मॅलिनबाहेर ठेवला असता, तर एकच असती.