तुम्ही विचारलेत म्हणून: मेजवानीतला कोणता पदार्थ?

‘बाबेट्स फीस्ट’ या डॅनिश चित्रपटाविषयी बोलणे निघाले की कोणी ना कोणी मला हमखास विचारते, त्या मेजवानीतला एकच पदार्थ चाखायला मिळणार असेल, तर तुम्ही कोणता मागाल? प्रश्न स्वाभाविक आहे. गाब्रिएल आक्सेल यांनी १९८७ साली केलेल्या, परदेशी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवलेल्या या चित्रपटाचे नाव घेतले की लोकांना आठवते ती मेजवानीच: कासवाचे सूप, काविआर म्हणजे माशाची खारवलेली अंडी घातलेल्या ब्लिनी या छोट्या धिरड्या, पेस्ट्रीच्या वाटीत मांडलेले लावे, रममध्ये भिजवलेला केक. मला मात्र ओलेब्रोद हवे आहे, म्हणजे शिळा पाव भिजवून, त्यात बिअर घालून शिजवलेले ते तपकिरी पातळ.

हे ऐकून लोक चकित होतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

कारेन ब्लिक्सन यांच्या मूळ कथेतले गाव नॉर्वेमधले. चित्रपटाने ते डेन्मार्कच्या जटलंडमधील ओसाड किनाऱ्यावर आणले. एका धर्मोपदेशकाच्या मार्टिना आणि फिलिपा या दोन मुली वडिलांच्या पश्चात त्यांच्या अनुयायांचा लहानसा समूह सांभाळत, अविवाहित राहून उतारवयाला लागल्या आहेत. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून हे पॅरिसमधले बंड रक्तात बुडवले गेले, त्यात नवरा आणि मुलगा गमावलेली बाबेट एका वादळी रात्री त्यांच्या दारात येते. तिने आणलेल्या पत्रात तिच्या गुणांविषयी इतकेच असते की तिला स्वयंपाक येतो.

मग तो प्रसंग येतो. मार्टिना तिला स्वयंपाकघरात नेते आणि सुका मासा, भिजवलेला पाव, वर ओतायची बिअर असे सगळे नवशिक्या मुलीला दाखवावे तसे दाखवते. पॅरिसच्या काफे आंग्ले या नामांकित उपाहारगृहाचा मुदपाकखाना जिने चालवला, ती बाई हे निमूट पाहून घेते. ती कोण हे पहिल्यांदा पाहताना आपल्याला माहीत नसते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र बाबेट साकारणाऱ्या स्तेफान ओद्रां यांच्या चेहऱ्यावर मी तुच्छता शोधली, कीव शोधली, आणि दोन्ही सापडल्या नाहीत. तिथे होते ते फक्त लक्ष. माझे डोळे भरून येतात ते या जागी.

आमच्या घरी रात्रीची उरलेली भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाल्ली जाई. आजी त्यासाठी एक हिरवी मिरची निखाऱ्यावर भाजून, मिठाबरोबर चुरडून वरून घाले, आणि त्या एका मिरचीने शिळेपणाचे नाव उरत नसे. बाबेट तेच करते. पदार्थ तोच ठेवून ती माळावर वाकून रानातला पाला खुडते, मासा ताजाच हवा म्हणून कोळ्याशी घासाघीस करते, वाण्याकडे अडून बसते, आणि बहिणींना नवल वाटते की खर्चही कमी झाला आहे. चौदा वर्षांनी लॉटरीचे १०,००० फ्रँक लागल्यावर ती मेजवानीच्या सामानाची व्यवस्था करायला काही दिवस बाहेरगावी जाते. तेव्हा गावातल्या गरीब म्हाताऱ्यांना पुन्हा बहिणींच्या हातचे पातळ मिळते, आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडे होते. तिच्या पाककलेची याहून चोख पावती मला मेजवानीतही दिसत नाही.

मेजवानी सुंदर आहे, यात शंका नाही. उपदेशकांच्या शंभराव्या जन्मदिनी, १५ डिसेंबरला, सगळे अनुयायी अन्नाविषयी अवाक्षर काढायचे नाही असे ठरवून बसतात आणि ते पाळतातही. त्या चवी नेमक्या ओळखतो तो एकटा पाहुणा, पूर्वी पॅरिसमध्ये जेवलेला जनरल लोवेनहिल्म. बोलणे टाळूनही त्या वृद्धांची जुनी भांडणे जेवता जेवता मिटत जातात. शेवटी उष्ट्या भांड्यांमध्ये बसलेली बाबेट सांगते की सगळे पैसे या जेवणात संपले, आता पॅरिसला जाणे नाही. बहिणी हळहळतात, आणि थोड्याच वेळात चित्रपट संपतो.

मी मात्र दर वेळी मनाने दुसऱ्या दिवशीच्या सकाळी जाते. त्या म्हाताऱ्यांना वाटीभर काहीतरी पोहोचवायचे असणारच, आणि इतक्या दमल्या अंगानेही तिने रात्रीच पाव भिजत घातलेला असणार. मला हवे आहे ते त्या सकाळचे ओलेब्रोद.