मोनार्क क्रेस्ट : अर्ध्यावर सोडलेली वाट

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातले डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर वसलेले आहे. म्हणजे सकाळी दूध आणायला मी घराबाहेर पडतो तेव्हा जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरच चालत असतो, हे इथे राहायला आल्यावर गावाकडे फोनवर सांगताना मला फार मौज वाटत असे. ती मौज काही दिवसांनी ओसरली. पण तिच्यामुळे उंचीची आपल्याला सवय झाली आहे असा एक गैरसमज मनात घर करून बसला. तो दूर व्हायला गेल्या ऑगस्टमधला, मोनार्क क्रेस्ट या डोंगरी सायकलवाटेवरचा एक शनिवार यावा लागला.

आम्ही चौघे होतो. मी, माझ्याच इमारतीत राहणारा एक नाशिककर, ह्यूस्टनहून खास या सहलीसाठी आलेला माझा पुण्यातला वर्गमित्र आणि माझ्या कार्यालयातील एक सहकारी, जी कोलोरॅडोतच लहानाची मोठी झालेली असून आमच्यापैकी डोंगरी सायकलीवर खऱ्या अर्थाने बसता येणारी एकमेव व्यक्ती होती. बाकी आम्हा तिघांचे भांडवल म्हणजे महाविद्यालयात असताना पहाटे उठून सिंहगडाचा घाट सायकलने चढल्याच्या आठवणी, आणि त्या घाटाला डांबर होते ही गोष्ट आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

मोनार्क क्रेस्ट ही वाट डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला, सॅलिडा या आर्कान्सा नदीकाठच्या छोट्या गावाजवळ आहे. मोनार्क खिंडीत, ११,३१२ फुटांवर, ती सुरू होते, डोंगराच्या कण्यावरून दक्षिणेकडे दहा-अकरा मैल जात मार्शल खिंडीत उतरते आणि तिथून पुढे आणखी एक चढ चढून सिल्व्हर क्रीकच्या खडकाळ उताराने आणि रेनबो ट्रेलने खाली हमरस्त्याला लागते. सगळी मिळून सुमारे ३५ मैलांची ही फेरी एका दिवसात पुरी करतात. वर जाण्यासाठी पोंचा स्प्रिंग्ज या गावातून गाडी मिळते, जिच्या मागे जोडलेल्या ट्रेलरवर सायकली दाटीवाटीने उभ्या बांधलेल्या असतात. उंची गाडीने विकत घ्यायची आणि सायकलने खर्च करायची, असा हा व्यवहार असला तरी त्यात मधूनमधून द्यावे लागणारे व्याज आम्ही हिशेबात धरले नव्हते.

सहकारी बाईंनी आदल्या रात्री एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती, ती म्हणजे सकाळी आठच्या गाडीने निघायचे. कोलोरॅडोत जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमून गडगडाट होतो आणि इथले लोक या दिवसांना चक्क ‘मान्सून’ म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना कोकणातला पाऊस पाहिलेल्या माणसाला हसूच येते. पण या मान्सूनचे वैशिष्ट्य पावसात नसून विजेत आहे. झाडांची सीमा संपल्यावर, साडेअकरा-बारा हजार फुटांवरच्या उघड्या कण्यावर, आसपासची सर्वांत उंच वस्तू सायकलस्वारच असतो; म्हणून दुपारच्या आत कण्यावरून खाली उतरावे, असा इथला साधा नियम आहे.

आम्ही आठची गाडी चुकवली, आणि त्याचे कारण पोहे होते. सॅलिडात भाड्याने घेतलेल्या घरात शेगडी होती, नाशिककराने डेन्व्हरहून जाड पोहे, कढीपत्ता आणि शेंगदाणे आणले होते, आणि परदेशात चार माणसे जमली असताना पोहे घाईघाईत खाणे हा आमच्या मते अपराध होता. सहकारी बाई दारात हेल्मेट घालून उभ्या होत्या. आम्ही त्यांनाही बशी दिली, त्यांनी ती आवडीने संपवली, आणि मग शांतपणे म्हणाल्या, “आता दहाची गाडी. वर मी म्हणेन तेव्हा वळायचे, वाद घालायचा नाही.” आम्ही मान डोलावली.

खिंडीत उतरलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. ह्यूस्टनकराने बॅगेतून भाकरवडीचे पाकीट काढले आणि आम्ही सगळे त्याच्याकडे पाहतच राहिलो, कारण समुद्रसपाटीवरच्या शहरातून आलेले ते पाकीट उशीसारखे टम्म फुगले होते. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, त्यामुळे आतली हवा बाहेर ढकलत राहते. पाकिटाला हसत असतानाच सहकारी बाईंनी माझ्या टायरवर अंगठा दाबला आणि विचारले, “हवा कुठे भरली?” मी काल डेन्व्हरच्या घरी मोजून २४ पीएसआय भरली होती. दाब मोजण्याचा काटा आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक दाखवतो आणि बाहेरची हवा डेन्व्हरपेक्षा इथे सुमारे अडीच पीएसआयने हलकी झालेली असते, हे पदार्थविज्ञान मला येत होते. पण ते माझ्या टायरलाही लागू आहे हे काही सुचले नव्हते. खडकांवर टायर थोडे मऊ असावे लागते, म्हणजे ते दगडाला कवटाळते. टणक टायर दगडावरून चेंडूसारखे उडते. वाल्व्ह दाबून हवा सोडली तेव्हा तिचा फुस्स आवाज मला माझ्याविषयीचाच एक अभिप्राय वाटला.

पहिला मैलभर झाडीतून चढ आहे. तो फार उभा नाही, डेन्व्हरमध्ये असता तर बोलत बोलत चढलो असतो. इथे दोनशे मीटरवर माझे बोलणे थांबले, पुढच्या शंभर मीटरवर विचार करणे थांबले आणि उरला तो फक्त श्वास, जो कितीही खोल घेतला तरी अर्ध्यातच संपल्यासारखा वाटत होता. पाय दमलेले नव्हते, ही यातली विचित्र गोष्ट. सिंहगडावर पाय आधी बोलतात आणि छाती नंतर; इथे छातीने पायांना बोलूच दिले नाही. मी उतरून सायकल ढकलू लागलो तेव्हा जरा ओशाळलो होतो. पण मागे पाहिले तर ह्यूस्टनकर कधीच उतरला होता आणि पुढे पाहिले तर चढावर बाईसुद्धा ढकलतच चालल्या होत्या.

मग झाडे खुजी होत गेली. शेवटची शेवटची तर वाऱ्याने एकाच बाजूला पिळवटून जमिनीसरपटी झालेली होती, आणि एका वळणावर ती संपलीच. समोर गवताळ, दगडांनी भरलेला कणा होता आणि त्यावरून वीतभर रुंदीची वाट दूर दक्षिणेला जाताना दिसत होती. हा कणा म्हणजे उत्तर अमेरिकेचा जलविभाजक आहे. उजवीकडे पडलेले पाणी गनिसन नदीतून कोलोरॅडो नदीत आणि पॅसिफिकच्या दिशेने जाते. डावीकडचे आर्कान्सातून मिसिसिपीत आणि मेक्सिकोच्या आखातात. आपला सह्याद्रीही याच जातीचा आहे: महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते आणि तिथलीच कृष्णा अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. फरक इतकाच की महाबळेश्वरला ते गोमुखापुढे हात जोडून समजून घ्यावे लागते, इथे नुसती मान डावी-उजवीकडे फिरवली की दोन महासागरांकडे जाणारे उतार दिसतात. मान फिरवण्यापूर्वी मात्र सायकल थांबवावी. मी थांबवली नाही.

तो दगड फार मोठा नव्हता, वहीएवढाच असेल. पण त्याची एक कड सुरीसारखी होती. या वाटेवरचे दगड नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत नसतात. बर्फाचे पाणी भेगांत शिरते, गोठते, फुगते आणि खडक फोडते. त्यामुळे सगळीकडे ताज्या फुटलेल्या कपच्या असतात, टोकदार, सुट्या आणि पायाखाली खुळखुळणाऱ्या. मागच्या चाकाखालून आधी खट्ट असा आवाज आला आणि लगेच सापासारखा फूत्कार. या टायरांत आत ट्यूब नसते, पांढरे चिकट द्रव असते, जे लहानसहान भोक आपोआप बुजवते. आता ते द्रव चाकाबरोबर गोल फिरत कारंज्यासारखे उडत होते, माझ्या पोटऱ्यांवर, सीटवर आणि मागून येणाऱ्या नाशिककराच्या नव्या गॉगलवर.

पंक्चर काढण्याची कृती मी घरी दोनदा पाहिली होती. चिरलेल्या जागी बाभळीच्या डिंकात बुडवल्यासारखी दिसणारी, बोटभर लांबीची रबराची वात एका सुईवजा हत्याराने खुपसायची, हत्यार हिसका देऊन बाहेर काढायचे आणि वात आतच राहू द्यायची. एका वातीने भागले नाही, दुसरी शेजारी खुपसली तेव्हा फूत्कार मंदावला. मग चीर खाली येईल असे चाक धरून आम्ही दोघे मुलाला झोपवावे तसे ते हळूहळू हलवत राहिलो आणि द्रव बुडबुडे काढत काढत घट्ट झाले. हातपंपाने हवा भरायला मात्र फार वेळ लागला, कारण तीस झटके मारले की पंप दुसऱ्याच्या हाती देऊन खाली बसावे लागत होते. या खटाटोपात अर्धा तास गेला. तेवढ्यात पाठीवर पिशवी घेतलेली एक वृद्ध बाई शेजारून गेली. ती मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणाऱ्या, सुमारे ५,००० किलोमीटरच्या पायवाटेवर चालत होती. आम्ही नियमाप्रमाणे सायकली बाजूला घेऊन तिला वाट दिली, आणि तिने पश्चिमेकडे बोट दाखवून नुसते “ढग” एवढेच म्हटले.

पुढचा तास मात्र माझ्या आजवरच्या सायकल चालवण्यातला सर्वांत चांगला तास होता. हँडलवरचे खटके दाबले की सीट खाली जाते, पेडले समांतर ठेवून उभे राहायचे, कोपर सैल सोडायचे, ब्रेकवर एकच बोट आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता चार-पाच मीटर पुढे. हे शेवटचे सर्वांत अवघड. दगडाकडे पाहिले की सायकल दगडाकडेच जाते, हे मला दोनदा कळले आणि दुसऱ्या वेळी ढोपरावर लिहूनही मिळाले. पण जमले की चाके खाली आपापले दगड शोधत खडखडत राहतात आणि अंग मात्र वर बैलगाडीतल्या सरावलेल्या माणसासारखे शांत असते. डावीकडे १४ हजार फुटांना किंचित कमी पडणारा माउंट ऊरे मोठ्या परातीसारखा दिसत होता. यूट या इथल्या मूळनिवासी लोकांच्या प्रमुखाचे त्याला नाव आहे, आणि जवळच्या चिपिटा या शिखराला त्याच्या पत्नीचे.

पहिला गडगडाट एक वाजता ऐकू आला. बाईंनी मागे वळून फक्त हात खाली केला आणि आम्ही, कोणताही वाद न घालता, जितक्या वेगाने जमेल तितक्या वेगाने झाडांच्या दिशेने उतरू लागलो. झाडीत पोचल्यावर सायकली एकीकडे आडव्या टाकल्या आणि आम्ही त्यांच्यापासून आणि एकमेकांपासून दूर, बुटक्या झाडांच्या दाटीत पाठपिशव्यांवर उकिडवे बसलो. गारा आल्या, वाटाण्याएवढ्या, हेल्मेटवर ताशासारख्या वाजणाऱ्या. ऑगस्टमध्ये बोटे बधिर झाली. आम्ही आधी होतो त्या कण्यावर वीज पडली की नाही ते सांगता येणार नाही; लखलखाट आणि आवाज यांच्यात मला ‘एक’सुद्धा पुरता म्हणता आला नाही, एवढेच खरे. पोह्यांचा विषय कोणी काढला नाही.

मार्शल खिंडीत, १०,८४२ फुटांवर, पोचायला तीन वाजले. प्रसिद्ध सिल्व्हर क्रीकचा उतार इथून पुढे होता, पण त्याच्या आधी पुन्हा वर चढायचे होते, पश्चिमेला दुसरा काळा थर उभा होता, आणि ह्यूस्टनकराचे डोके सकाळपासून ठणकत होते हे त्याने आत्ता कुठे कबूल केले. शुक्रवारी संध्याकाळी समुद्रसपाटीवरून उडून आलेला माणूस शनिवारी सकाळी साडेअकरा हजार फुटांवर सायकल ढकलत होता. ठणकले नसते तरच नवल. मला पुढे जायचे होते, हे प्रामाणिकपणे सांगतो. दोन महिने त्या उताराचे व्हिडिओ पाहिले होते. बाईंनी माझ्या टायरमधल्या दोन वातींकडे पाहिले, मग ढगांकडे, आणि म्हणाल्या, “रेल्वेने जाऊ.”

रेल्वे म्हणजे रेल्वेचा जुना मार्ग. १८८१ मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीने या खिंडीतून तीन फुटी रुळांची गाडी नेली होती, आपल्या माथेरानच्या गाडीहून फूटभर रुंद. १९५० च्या दशकात रूळ काढले आणि आता तिथे मातीचा रस्ता आहे. खिंडीचे नाव लेफ्टनंट मार्शल या लष्करी सर्वेक्षकाचे. १८७३ मध्ये दाढदुखीने हैराण होऊन डेन्व्हरच्या दंतवैद्याकडे लवकर पोचण्याचा जवळचा मार्ग शोधताना त्याला ही खिंड सापडली, असे सांगतात. वाफेच्या इंजिनासाठी आखलेला रस्ता असल्याने चढ पंचवीसास एकहून अधिक उभा कुठेच नाही. वळणावळणांनी, एकदाही जोरात ब्रेक न लावता, ओल्या ॲस्पेन वृक्षांच्या वासातून आम्ही खाली आलो. दर हजार फुटांगणिक ह्यूस्टनकराचा रंग परत येत होता, अर्ध्या उतारावर तो गाणे म्हणू लागला, तेव्हा नाशिककर म्हणाला, “अरे, ह्याला पुन्हा वर सोडून या.”

खिंडीत पाणी संपल्यावर ह्यूस्टनकराने प्लॅस्टिकची रिकामी बाटली झाकण घट्ट लावून बॅगेत कोंबली होती. सोमवारी रात्री ह्यूस्टनहून त्याने तिचा फोटो पाठवला. कोणीतरी मुठीत धरून चुरगाळावी तशी ती आत चेपली होती. खाली लिहिले होते : “झाकण उघडलेले नाही. पुढच्या जुलैत दोन दिवस आधी येतो. पोहे आदल्या रात्री करा.”