पाळीच्या आधी खडा, पाळीत जुलाब: पोटाला तारखेप्रमाणे सांभाळा

पाळीच्या पाच-सहा दिवस आधी पोट साफ होत नाही, गुबारा धरतो, कमरेला कपडे काचायला लागतात. पाळी सुरू झाली की त्याच पोटात मुरडा येतो आणि दिवसातून तीन-चारदा शौचाला धावावं लागतं. दोन्ही तक्रारी एकाच आठवड्यात येतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. म्हणून महिनाभर एकच उपाय चालवला तर तो कधी ना कधी उलटा पडतोच. नेहमी दिसणारी चूक ही: बद्धकोष्ठतेला कंटाळून नेमकं पाळी येण्याच्या आदल्या रात्री रेचक घेणं. सोनामुखी किंवा बिसाकोडिलची गोळी सहा ते बारा तासांनी काम करते. म्हणजे शरीर आपणहून आतडी हलवायला लागलेलं असतं, त्याच सकाळी गोळीही जोर लावते. मग कळा येतात, जुलाब होतात आणि दोष खाण्यावर जातो.

आत काय चालतं ते आधी पाहू. बीजांड बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं. ते गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवतं, आणि आतड्याचे स्नायूही त्याच जातीचे असल्यामुळे अनेकींची आतडी या दिवसांत मंद चालतात. मळ जितका वेळ मोठ्या आतड्यात थांबतो, तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. खडा होतो तो असा. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं आणि गर्भाशयाचं अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडतं. गर्भाशय आकुंचन पावतो तो त्यांच्यामुळे. शेजारच्या आतड्यालाही ती सोडत नाहीत: आतडं आवळतं, त्यात पाणी सुटतं, मळ पातळ होतो. याचा जोर पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

तारखा झालेल्या पाळीपासून पुढे मोजू नका, येणाऱ्या पाळीच्या अंदाजे तारखेपासून मागे मोजा. बीजांड सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो. चक्र लांबतं ते पहिल्या भागात. २८ दिवसांचं चक्र असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास बदल सुरू होतो. बद्धकोष्ठतेचा उपाय तिथून पुढे, त्रास व्हायच्या आधीच सुरू करायचा.

त्यात पहिला मान तंतुमय पदार्थांचा. मोठ्या बाईला दिवसाला साधारण २५ ग्रॅम तंतू लागतात. सध्या १२-१५ ग्रॅमच पोटात जात असतील तर एका दिवसात दुप्पट करू नका, गॅसने हैराण व्हाल. तीन-चार दिवसांनी ३ ते ५ ग्रॅम वाढवत न्या. इसबगोल घ्यायचा तर मोठा चमचाभर, साधारण ५ ग्रॅम, एका मोठ्या पेल्यात (सुमारे २५० मिली) पाण्यात ढवळून लगेच प्या. थांबलात तर त्याचा लगदा होतो आणि घशाखाली उतरत नाही. वर आणखी एक पेला पाणी हवंच. पाणी कमी पडलं तर तोच इसबगोल आत अडकून खडा आणखी घट्ट करतो. गिळायला त्रास होणाऱ्यांनी तो घेऊ नये. इतर औषधं आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. परिणाम दिसायला १२ तासांपासून तीन दिवस लागतात, म्हणून ऐनवेळी घेऊन उपयोग नाही.

बसण्याची पद्धतही बघा. कमोडवर बसत असाल तर पायांखाली १५-२० सेंटिमीटर उंचीचं पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, किंचित पुढे वाका. गुदद्वाराजवळचा वाक सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांत आतडी आपोआप हलतात. ती वेळ दवडू नका.

फुगण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. संध्याकाळपर्यंत वाढणारं, ढेकर किंवा वारा सरल्यावर हलकं वाटणारं पोट गॅसचं असतं. त्यावर जेवण थोडं थोडं आणि सावकाश घेणं, फसफसणारी पेयं आणि साखरेऐवजी सॉर्बिटॉल असलेली च्युइंगगम टाळणं, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं उपयोगी पडतं. त्याच वेळी बोटं, घोटे, स्तनही जड वाटत असतील तर अंगात पाणी धरलंय. तिथे मीठ आवरा: दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत, आणि त्यात पाकीटबंद खाऱ्या पदार्थांतलं मीठही धरायचं. गुबाऱ्याची औषधं पाणी धरलेल्या पोटावर काही करत नाहीत.

पाळी सुरू झाली की धोरण बदला. इसबगोल चालू ठेवायला हरकत नाही, तो पातळ मळालाही बांधतो. रेचक मात्र बंद. पहिले दोन दिवस कडक कॉफी, तेलकट आणि तिखट जेवण कमी ठेवा, ही तिन्ही आतड्याला आणखी ढोसतात. जुलाब तीन-चारदाहून जास्त झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्या. मिठाचं माप चुकवू नका. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा. गर्भाशयाच्या कळांवर हा शेक खरंच काम करतो.

वेदनाशामकाचा इथे दुहेरी फायदा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतं, त्यामुळे कळा आणि जुलाब दोन्ही उतरतात. अट एवढीच की दुखणं शिगेला पोचायच्या आधी, पहिली कळ येताच घ्यावं: २०० ते ४०० मिलिग्रॅम, खाल्ल्यानंतर, गरजेप्रमाणे सहा ते आठ तासांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही, दोन-तीन दिवसच. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, ॲस्पिरिनने उठणारा दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर हात लावू नका. मेफेनॅमिक ॲसिडही त्याच कुळातलं, पण त्याने काहींना उलट जुलाब होतात. ते घेऊन पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना बदलून मागा.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर बद्धकोष्ठतेचा निम्मा दोष त्यांचा असू शकतो. त्यांनी मळ काळसर होतो, त्याने घाबरू नका. एक दिवसाआड घेतल्याने चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागते.

पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: कुंथताना तो खाली सरकू शकतो. शौचानंतर हात धुऊन तो जागेवर आहे का ते तपासा. मळात रक्त दिसल्याचा संशय आला तर कप किंवा टॅम्पॉन आत असताना मागचा भाग वेगळ्या कागदाने पुसून पाहा. मागच्या कागदावर रक्त आलं तर ते पाळीचं समजून सोडून देऊ नका.

डॉक्टरांकडे कधी? शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखं दुखतं आणि ते फक्त पाळीतच होतं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं, पाळीच्या दिवसांतच गुदद्वारातून रक्त जातं: हे एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतं. पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना तो असतो आणि पुष्कळदा आतड्याची साधी कुरकुर म्हणून वर्षानुवर्षं मागे पडतो. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, विनाकारण घटणारं वजन, किंवा पाळी संपूनही आठवडे न उतरणारं फुगलेलं पोट, यांचा पाळीशी संबंध जोडत बसू नका, लवकर दाखवा. जाताना दोन-तीन चक्रांची नोंद न्या: तारीख, मळ खडा, मऊ की पातळ, किती वेळा, दुखलं कुठे, कोणती गोळी घेतली. ‘पोट बिघडतं’ एवढं सांगण्यापेक्षा ‘पहिल्या तीन दिवसांत शौचाला बसताना दुखतं, एरवी नाही’ असं सांगितलंत तर डॉक्टर आतड्याबरोबर गर्भाशयाच्या बाजूनेही तपासतील.