दांडियाबाजारातल्या भिंतीवर चित्र: आधी वाद, मग रंग

कागदावर पाहून दिलेला होकार भिंतीवर टिकत नाही. हातात मावणारी, चेहरा नसलेली बाई गोड दिसते. तीच १२ फूट उंच झाली की अंगावर येते. म्हणून आम्ही भिंतीवर खडूने पूर्ण मापाची आकृती काढतो आणि आठवडाभर तशीच राहू देतो. काय भांडायचं ते तेव्हाच भांडून घ्यायचं.

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या चित्राचा विषय होता पाण्याच्या रांगेतल्या बिनचेहऱ्याच्या बायका. ‘भिंती रंगवायची आपली पद्धत नाही,’ हा आक्षेप बडोद्यात तरी टिकत नाही. भित्तिचित्रांनी भरलेला जुना तांबेकरवाडा याच भागात आहे आणि कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत. ‘रोज सकाळी दार उघडलं की समोर हेच?’ हे समोरच्या घरातल्या काकूंचं म्हणणं रास्त वाटलं. आकृती डावीकडे सरकवली, दारासमोर पाण्याचं पिंप आलं. गणपतीचा मांडव याच भिंतीला टेकतो, ही हरकत तर सगळ्यांत मोलाची. खालचे ४ फूट चित्राबाहेर ठेवून गेरूच्या रंगाचा सपाट पट्टा दिला आणि दोरांसाठी दोन्ही टोकांना कड्या ठोकल्या. बायकांना चेहरे द्यायला मात्र नकार दिला. चेहरा आला की ‘ही कुणाकडची?’ सुरू होतं, आणि रांग सगळ्यांची उरत नाही.

घरमालकाची संमती लेखी घ्या. भिंत तांबेकरवाड्यापासून १०० मीटरच्या आत असेल, तर गिलावा बदलण्याआधीही परवानगी लागते, कारण वाडा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

चित्र बिघडतं ते बहुतेक ओलीमुळे. हातभर प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर थांबा. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार, कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतला की क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात मुरतो आणि रंगाला पोपडे आणतो. नवा गिलावा २८ दिवस वाळू द्या. बाहेरच्या भिंतीला पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) नको, पावसात ते भुसभुशीत होतं; पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, त्यावर प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचं अॅक्रिलिक इमल्शन. मे महिन्यात भर दुपारी काम करू नका. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि जोड दिसतात.

पश्चिमेच्या भिंतीवर भडक लाल, पिवळे लवकर उडतात. गेरू, पिवळी माती आणि काळा टिकतात. उरलेला रंग, डब्यावर शेडचा नंबर लिहून, मांडववाल्या मंडळाकडे ठेवायला द्या. मांडव टेकतो तिथेच ओरखडे पडणार आहेत.