आमची वाटचाल : दोन जुकी आणि 600 मीटर नारिंगी कापड

आम्ही शोध-बचाव टीमचे कपडे शिवतो. बेळगावच्या वडगावात 2013 साली दोन जुकी शिलाई मशिनी आणि कापडाची कड बांधणारं एक ओव्हरलॉक घेऊन सुरुवात केली. वडील कॅम्पात फौजी कपडे शिवणाऱ्याकडं कटिंग करायचे, त्यामुळं जाड कापडावरचा हात घरातलाच. शाळेचे गणवेश, सिक्युरिटीवाल्यांचे शर्ट, असं चाललेलं.

मग मास्तर आले. खानापूरकडच्या हायस्कूलात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पोरं गोळा करून शोध-बचावचं काम, कोण मलप्रभेत वाहून गेलं, कोण रानात चुकलं की रात्री-अपरात्री यांनाच फोन. फाटकी पॅन्ट टेबलावर टाकली आणि म्हणाले, "बघ गा, दोरीवर बसलं की आसनात फाटतंय, तुला काय जमतंय का?" आसनात कळी घातली, डबल कापड लावलं, कोपऱ्याकोपऱ्यावर बारटॅक, म्हणजे ताण येतो तिथं दाट पक्का टाका, मारायला शेजारच्याकडं पळालो कारण बारटॅक मशीन आमच्याकडं तेव्हा नव्हतं. पैसे विचारले तर मी नको म्हटलं, ते म्हणाले मग सरावाला ये, येळ्ळूरच्या गडावर.

तिथं डोळे उघडले. आम्ही टेलर लोक कपडा हँगरवर बघतो, आणि इथं हार्नेस, म्हणजे दोरीवर बसायचा पट्टा, घातला की कमरेचे खिसे बंद, लाईफ जॅकेट चढवलं की छातीवरचं टीमचं नाव आणि चमकपट्टी दोन्ही झाकलेलं. नाव दंडावर पाहिजे, पट्टी दंडावर आणि पोटरीवर, खिसा मांडीला खाली गुडघ्याजवळ. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, त्या पोरांनी शिकवलं. तेव्हापासून आमच्याकडं सरावात दोनदा भिजल्याशिवाय सॅम्पल फायनल होत नाही, आणि पुढं सराव भरवायचं कामही आम्हीच घ्यायला लागलो. दोरी, स्ट्रेचर, चहा-नाष्टा आमचं, शिकवणं मास्तरांचं आणि एका रिटायर्ड सुभेदार काकांचं.

आता 2018 मध्ये धंदा बुडता बुडता कसा राहिला ते सांगतो, कारण लोक अजून विचारतात. एक मोठी ऑर्डर, 200 डांगरी, म्हणजे शर्ट-पॅन्ट एकत्र जोडलेले कपडे. सॅम्पल पसंत पडलं, "कापड आणून ठेवा" असं तोंडी सांगितलं, आणि मी 600 मीटर नारिंगी रिपस्टॉप, म्हणजे फाटलं तरी चीर पुढं न जाणारं कापड, एकाच लॉटमध्ये उचललं. लॉट बदलला की शेड बदलते, अर्धी टीम केशरी आणि अर्धी टोमॅटो दिसते, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. बायकोच्या पाटल्या सोसायटीत तारण ठेवल्या. पंधरा दिवसांनी कळलं, ऑर्डर दुसरीकडं गेली, नगाला 180 रुपये कमी म्हणून. आणि शिवणार काय, तर माझंच सॅम्पल समोर ठेवून! खिसा गुडघ्याजवळ, नाव दंडावर, सगळं माझं, फक्त पट्टी शिवायच्या जागी गरम प्रेसनं चिकटवलेली. नाव घेत नाही, गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दोन कारागीर सोडून गेले, तीन महिने भाडं थकलं, एक मशीन विकायला काढलं होतं.

मास्तरांनीच सावरलं. पोरांनी वर्गणी काढून 22 नगांचे पैसे आधी आणून दिले, रोख, आणि निपाणी, चंदगडच्या टीमना स्वतः फोन केले. 2019 च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं तेव्हा आमचे कपडे घातलेली पोरं तिथं होती. काळोखात टॉर्च मारला की पोटरीवरची पट्टी लखकन दिसायची असं त्यांनीच येऊन सांगितलं. त्या चिकटवलेल्या पट्ट्या पहिल्याच पावसात सुटल्या हेही त्याच पोरांकडून कळलं. आनंद झाला नाही, राग आला, कारण अंगात घालणाऱ्याचा काय दोष?

त्यानंतरची वर्षं नीट गेली. पाटल्या सोडवल्या, बारटॅक घेतलं, 42 टाक्यांचं, जुनं आहे पण एकदम पक्कं.

नव्या टीमना चार गोष्टी सांगतो. चमकपट्टीवर इस्त्री फिरवू नका, ब्लीच तर अजिबात नको. पट्टी कडेपासून 3 मिलीमीटर आत, लांब टाक्यानं शिवलेली आहे का बघा, बारीक टाका घातला की सुईच्या भोकांनी पट्टी फाटते. आत सुती बनियन घालून पाण्यात उतरू नका, भिजून जड होतंय आणि अंग गार पडतंय. शिट्टी खिशात नको, खांद्याला बांधा. आणि शिवणाऱ्या पोरांनो, ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय कात्री लावू नका, समोर सख्खा मामा असला तरी.

मास्तरांचे गुडघे आता दुखतात, सरावाला काठावर खुर्ची टाकून बसतात. पण माल निघायच्या आदल्या रात्री अजून दुकानात येतात. सगळे नग तारेवर टांगायचे, लाईट घालवायची, आणि त्यांनी दारातून कपाळाजवळ टॉर्च धरून एकेक बघायचा. एखादी पट्टी मंद दिसली की "हा काढ गा" म्हणतात, आणि मी काढतो.