ग्राफिक्स कार्ड नंतरही घेता येते

"मुलगा आठवीत गेला, गेमिंग कॉम्प्युटर मागतो आहे, चाळीस हजारांत बरा मिळेल का?" नात्यातले आणि शेजारचे पालक दर उन्हाळी सुट्टीत मला हा प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मुलाला जवळ बसवून तो कोणते खेळ खेळणार आहे, हे विचारावे. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, व्हॅलोरंट अशी नावे आली, तर आज वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे खेळाची चित्रे पडद्यावर उमटवणाऱ्या स्वतंत्र भागाची गरज नाही. रायझन ५ ५६००जी या सहा कोअरच्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असते आणि हे खेळ त्यावर व्यवस्थित चालतात. मात्र या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसून ते रॅमचाच (संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीचाच) वाटा वापरते आणि दोन स्टिकमधून एकाच वेळी माहिती घेऊ शकते, म्हणून १६ जीबीची एकच स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. एवढ्याने खेळाच्या वेगात पडणारा फरक मुलाला लगेच जाणवतो.

हे मी चुकून शिकलो. भाच्याच्या पहिल्या संगणकाच्या वेळी दुकानदाराने "आय-सेव्हन, सोळा जीबी, चार जीबीचे कार्ड" असे सांगितले, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट दाखवला आणि मी पैसे दिले. प्रोसेसर निघाला तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा, आणि कार्ड जीटी ७३०. चार जीबी हा आकडा खरा होता. पण मेमरी जास्त असल्याने मंद कार्ड वेगवान होत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. भाचा एका शब्दाने तक्रार न करता सगळ्या सेटिंग्ज तळाला नेऊन खेळत राहिला, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यामुळे पिढी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०२२ मध्ये आलेला आय३-१२१०० त्या जुन्या आय-सेव्हनपेक्षा निश्चितच वेगवान आहे. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चे नियमित अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. म्हणजे कार्यालयांतून काढलेले जुने संच कितीही स्वस्त मिळाले तरी मुलासाठी घेण्यात अर्थ नाही.

कार्ड न घेतल्याने वाचलेले पैसे एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीवर खर्च करावेत, हा माझा आग्रह आहे. कॅबिनेटबरोबर येणारा बिननावाचा एसएमपीएस नको. ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र) असलेला, ५५० वॅटचा घ्यावा, कारण पुढे आरएक्स ६६०० सारखे कार्ड बसवताना त्याला आठ पिनांची वेगळी जोडणी लागते आणि एसएमपीएस बिघडला तर मदरबोर्डही (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) सोबत जाऊ शकतो. एसएसडी, म्हणजे खेळ आणि फायली साठवणारी डिस्क, शक्यतो १ टीबीची (सुमारे हजार जीबीची) असावी. जीटीए ५ हा एकच खेळ शंभर जीबीहून अधिक जागा घेतो.

भाच्याचा दुसरा संगणक आम्ही असाच, कार्डाविना घेतला. दीड वर्षाने त्याने वाढदिवसाच्या आणि दिवाळीच्या साठवलेल्या पैशांत भर घालून मागितली, आणि कार्ड स्वतःच्या हाताने बसवले. मी फक्त टॉर्च धरला होता.

दुकानाचे कोटेशन आले की पैसे देण्याआधी मला दाखवा. त्यात नुसते "आय-सेव्हन" किंवा "४ जीबी कार्ड" लिहिले असेल, तर प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून मागा.